क्रेडिट कार्डाचं कर्ज, स्वतःचं घर आणि शिक्षण अर्धवट, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण प्लीज पूर्ण वाचा.

मी शिकतेय, अजून 14 महिने बाकी आहेत. कमाई म्हणजे शिकवण्या आणि थोडं टायपिंगचं काम, तीही दर महिन्याला सारखी नसते. आजीने जाताना तिचं दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर केलं, त्यावर एक पैसाही कर्ज नाही. पण त्यामुळेच कोणाला काही सांगायला गेलं की "घर आहे ना तुझं, मग कसलं टेन्शन" एवढंच ऐकायला मिळतं. घर आहे हो, पण घरातून पैसे निघत नाहीत, उलट जातातच.

सुरुवात गळतीपासून झाली. बाथरूमची पाइप भिंतीच्या आतून फुटली होती, भिंत फोडावी लागली, ते बिल कार्डावर टाकलं आणि त्याच महिन्यात फी आली, तीही कार्डावर. वाटलं चारपाच महिन्यांत फेडू. मग मिनिमम ड्यू (म्हणजे दर महिन्याला भरावीच लागणारी कमीत कमी रक्कम) भरत राहिले आणि एकदा तेवढेही नव्हते तेव्हा दुसऱ्या कार्डावरून कॅश काढून पहिल्याचं भरलं, ही माझी सगळ्यात मोठी चूक. कॅशवर काढल्या दिवसापासूनच व्याज लागतं, वर चार्ज वेगळा, हे मला स्टेटमेंट आल्यावर कळलं.

गेल्या रविवारी सगळी स्टेटमेंटं जमिनीवर पसरून वही घेऊन बसले. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे नुसतं 12 ने गुणलं तरी वर्षाला 42 आणि व्याजावर व्याज धरलं तर 51 च्या आसपास. मिनिमम 5 टक्के. म्हणजे 100 बाकी असताना मी 5 भरते, त्यातले साडेतीन व्याजातच जातात आणि मुद्दल फक्त दीडने कमी होतं. या वेगाने, कार्डाला हात न लावता, कर्ज निम्मं व्हायलाच चार वर्षांच्या आसपास लागतील. आणि आधीची बाकी शिल्लक असली की नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, म्हणून दोन्ही कार्डं आता कपाटात ठेवलीयेत.

एकूण बाकी माझ्या साधारण सात महिन्यांच्या कमाईइतकी आहे.

मामा म्हणतात घर तारण ठेवून लोन घे, व्याज कार्डापेक्षा खूपच कमी पडेल, एका फटक्यात मोकळी होशील. हिशोबाने ते बरोबरच आहे. पण कार्डाचं कर्ज बिनतारणी आहे, ते थकलं तर फोन येतील, रेकॉर्ड खराब होईल, फार तर केस होईल, पण घर त्याला बांधलेलं नाहीये. तारण ठेवलं आणि मधे एखाददोन शिकवण्या सुटल्या तर थेट घरावरच येणार ना? आजीच्या घराच्या बाबतीत मला ती रिस्क घ्यावीशी वाटत नाही. शिवाय एवढ्याशा कमाईवर लोन मंजूर होईल का हाही प्रश्नच.

सेटलमेंटचाही (म्हणजे बँकेशी बोलून बाकीपेक्षा कमी रकमेत हिशोब मिटवायचा) विचार केला, पण क्रेडिट रिपोर्टवर "सेटल्ड" असा शेरा राहतो आणि पुढे लोन घेताना तो आडवा येतो, त्यामुळे ते अगदी शेवटी.

सध्या माझं मन इकडे आहे: बाकी हप्त्यांत बदलून घ्यायची (बँकेने फोनवर सांगितलं की व्याज कमी लागेल पण प्रोसेसिंग फी आहे), एक खोली एखाद्या विद्यार्थिनीला भाड्याने द्यायची आणि ते भाडं सगळंच्या सगळं आधी जास्त व्याजाच्या कार्डावर, दुसऱ्यावर तोवर मिनिमम.

तर विचारायचंय की हप्त्यांत बदलताना कोणी व्याजदर घासाघीस करून कमी करून घेतलाय का, आणि शिकत असल्याचं, कमाई कमी असल्याचं लेखी दिलं तर उपयोग होतो का? खोली भाड्याने देताना करारात काय काय असायलाच हवं? आणि मामांचं बरोबर असून मीच भावनेच्या भरात चुकतेय असं वाटत असेल तर तेही स्पष्ट सांगा, राग येणार नाही.

पुढचं स्टेटमेंट 18 तारखेला येतंय, त्याआधी बँकेशी बोलायचंय.