'एव्हरीमॅन' टीव्हीवर आणायचं, तर मृत्यूला माणूसच राहू द्या

रंगपीठ: काल इथे एकाने लिहिलं की 'एव्हरीमॅन' टीव्हीवर करायचं तर अमूर्त पात्रं काढून टाका. संपत्तीच्या जागी बँकेचा मॅनेजर, सत्कर्माच्या जागी एनजीओतली मैत्रीण आणि मृत्यूच्या जागी डॉक्टरचा रिपोर्ट. राहवलं नाही म्हणून लिहितोय. १५व्या शतकाच्या अखेरचं हे इंग्रजी नाटक, जेमतेम ९०० ओळींचं. मृत्यू एव्हरीमॅनकडे, म्हणजे कुणाही माणसाकडे, येतो, हिशेबाची वही घेऊन चल म्हणतो. एव्हरीमॅन त्याला हजार पौंड देऊ करतो, आजचं उद्यावर ढकल म्हणून विनवतो. मृत्यू पैशाला शिवत नाही. रिपोर्टला कसली लाच देणार? सत्कर्म तर पापांनी जखडून थंड जमिनीवर पडलंय, त्याला हलताही येत नाही. तिथे कॅमेरा अगदी जवळ न्या की!

पडद्यामागे: मूळ बरहुकूमच हवं हा हट्ट कशाला? ऑस्ट्रियन लेखक हॉफमन्स्थालने १९११च्या 'येडरमान'मध्ये, म्हणजे याच नाटकाच्या जर्मन रूपात, आई घातली, प्रेयसी घातली, सैतान घातला. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला कॅथेड्रलसमोर १९२० मध्ये ते सुरू झालं, आजही होतं.

रंगपीठ: घातली ना पात्रं? मृत्यू काढला का? तिथे चर्चच्या मनोऱ्यांवरून, वरच्या किल्ल्यावरून 'येडरमान' अशा हाका येतात. अंगावर काटा येतो तो त्या हाकांनी.

माहेरवाशीण: काहीही करा, चुलतभावाचा प्रसंग कापू नका. पायाच्या बोटात पेटका आलाय म्हणून एव्हरीमॅनबरोबर यायला नाही म्हणतो तो! बाबा आयसीयूत होते तेव्हा माझा चुलतभाऊ म्हणाला, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय. वाटणीच्या दिवशी मात्र सकाळी आठला दारात हजर.

सदाशिव_७०: नातेवाइकांच्या नावाने खडे फोडणं पुरे झालं. आत्याला डायलिसिसला मी नेत होतो, ऑफिस सांभाळून. मी तिचा भाचाच ना? मालिकांत आधीच प्रत्येक चुलत माणूस कारस्थानी असतो, त्यात ही भर नको.

माहेरवाशीण: तुम्ही केलंत ते चांगलंच केलंत. म्हणून माझा भाऊ आला असं होत नाही. आणि आत्याचा सख्खा मुलगा कुठे होता?

सदाशिव_७०: परदेशात. व्हिसाची अडचण होती. माहीत नसताना बोलू नका.

माहेरवाशीण: अडचण प्रत्येकाचीच असते हो. नाटकातही प्रत्येकाकडे एकेक कारण आहेच. राग आला तरी सांगते, तो प्रसंग तुमच्या घरचाही आहे.

सदाशिव_७०: आमच्या घरचं तुम्ही काढू नका. विषय संपला.

वसईकर: भांडणात मुख्य गोष्ट राहिली. सत्कर्म उठून उभं राहतं ते एव्हरीमॅनने पापांची कबुली देऊन प्रायश्चित्त घेतल्यावर. त्याआधी नाही. टीव्हीवाले धर्म नको म्हणून नेमकं तेच उडवतील आणि उरेल दानधर्माची जाहिरात. आम्ही लहानपणापासून चर्चमध्ये कबुलीला जातो. गुडघे टेकून स्वतःच्या तोंडाने पाप सांगताना काय होतं ते मैत्रिणीशी कॉफी पिताना होत नाही.

पडद्यामागे: बरं, कबुली ठेवा. मृत्यूही माणूस ठेवा, लाचेचा मुद्दा मला खोडता येत नाही. पण संपत्ती मी बँकेतच दाखवणार. पेट्या आणि थैल्यांत कोंडलेली संपत्ती आजच्या प्रेक्षकाला काय कळणार?

रंगपीठ: लॉकर दाखवा. बोलू दे मात्र त्या संपत्तीलाच, मॅनेजरला नको.