सेट ग्लोबल केलं तरी जुनीच व्हॅल्यू का दिसते?

टर्मिनल_७
मायएसक्यूएल ८.० (डेटाबेस सर्व्हर), उबुंटू. रूटने लॉगिन करून 'सेट ग्लोबल वेट_टाइमआउट = ६००' (रिकामं बसलेलं कनेक्शन किती सेकंदांनी तोडायचं ते) दिलं. एरर नाही, पण 'शो व्हेरिएबल्स' मध्ये २८८०० च दिसतंय. शिवाय ५०० केलेलं मॅक्स_कनेक्शन्स (एका वेळी किती कनेक्शन्स चालतील ते) रीस्टार्टनंतर परत १५१ झालं. माय.सीएनएफ या सेटिंग्जच्या फाइलला हात न लावता हे कायम कसं करायचं?

अनुक्रमणिका
या दोन वेगळ्या अडचणी आहेत. नुसतं 'शो व्हेरिएबल्स' सेशनची, म्हणजे तुमच्या चालू कनेक्शनची व्हॅल्यू दाखवतं. 'शो ग्लोबल व्हेरिएबल्स' द्या, ६०० दिसेल. ग्लोबल बदल फक्त नव्या कनेक्शनना लागू होतो. आणि खरी मेख पुढेच आहे: कमांड लाइनचा क्लायंट इंटरॅक्टिव्ह (माणूस थेट टाइप करतो असा) असल्यामुळे त्याच्या सेशनचं वेट_टाइमआउट येतं इंटरॅक्टिव्ह_टाइमआउट वरून. म्हणजे बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलंत तरी तिथे २८८०० च दिसणार. ॲप्लिकेशनच्या नव्या कनेक्शनवरून तपासा. कनेक्शन पूल (पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली कनेक्शन्स) वापरत असाल तर त्यातल्या कनेक्शनचं आयुष्य ६०० सेकंदांपेक्षा कमी ठेवा, नाहीतर सर्व्हरने तोडलेलं कनेक्शन ॲपच्या हाती पडेल.

लॉगबुक
कायम ठेवायचं तर 'सेट पर्सिस्ट मॅक्स_कनेक्शन्स = ५००'. चालू सर्व्हरवर लगेच बदलतं आणि डेटा डिरेक्टरीतल्या मायएसक्यूएलडी-ऑटो.सीएनएफ मध्ये लिहिलं जातं. ही जेसन फाइल हाताने एडिट करू नका. 'रीसेट पर्सिस्ट मॅक्स_कनेक्शन्स' दिलं की तिथली नोंद जाते, पण चालू व्हॅल्यू तशीच राहते. बॅक_लॉगसारखी चालू सर्व्हरवर न बदलणारी सेटिंग्ज 'सेट पर्सिस्ट_ओन्ली' ने. ती रीस्टार्टनंतर लागू होतात.

एक सवय मात्र लावून घ्याच. मायएसक्यूएलडी-ऑटो.सीएनएफ बाकी सगळ्या ऑप्शन फाइल्सनंतर (माय.सीएनएफसारख्या सेटिंग्जच्या फाइल्स) वाचली जाते, त्यामुळे उद्या कुणी माय.सीएनएफ मध्ये ३०० लिहिलं तरी ५०० च राहणार आणि तो माणूस तासन्‌तास शोधत बसणार. परफॉर्मन्स_स्कीमा मधल्या व्हेरिएबल्स_इन्फो टेबलमध्ये व्हॅल्यू कुठून आली, कोणत्या युजरने कधी बदलली, सगळं मिळतं. आधी ते बघा. चुकीच्या व्हॅल्यूमुळे सर्व्हर उठतच नसेल तर पर्सिस्टेड_ग्लोबल्स_लोड = ऑफ ठेवून सुरू करा.

टर्मिनल_७
पर्सिस्ट केलं, पण रीस्टार्टनंतर ५०० ऐवजी २१४ दिसतंय.

अनुक्रमणिका
ओपन फाइल्सची मर्यादा (सर्व्हर एका वेळी किती फाइल्स उघडू शकतो ती) १०२४ असणार. त्यातून टेबल कॅशसाठी (उघडी ठेवलेली टेबलं) किमान ४०० दुणे ८०० आणि वरचे १० वजा केले की उरतात २१४. एरर लॉगमध्ये तशी वॉर्निंग सापडेल. 'सिस्टमसीटीएल एडिट मायएसक्यूएल' करून सर्व्हिस विभागात लिमिटएनओफाइल = १०००० लिहा, मग रीस्टार्ट.

लॉगबुक
रेप्लिका (मुख्य सर्व्हरची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर) असेल तर तिथे वेगळं सेट करा, हे बदल रेप्लिकेट होत नाहीत. आणि कमांडमध्ये '६४एम' (६४ मेगाबाइट) चालत नाही, ६४*१०२४*१०२४ लिहावं लागतं. एम फक्त ऑप्शन फाइलमध्ये किंवा सर्व्हर सुरू करताना. मारियाडीबीत (मायएसक्यूएलपासून निघालेला डेटाबेस) सेट पर्सिस्ट नाहीच, तिथे ऑप्शन फाइलच एडिट करावी लागते.