कूलरच्या टाकीला फक्त पितळी कॉकभोवतीच गंज: जस्ताचा तुकडा लावू का?

मंडळी, मदत हवी आहे. इथे नागपुरात उन्हं तापायला लागलीत, कूलर खिडकीला लावायची घाई आहे.

टाकी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याची. पाणी सोडायचा प्लॅस्टिकचा कॉक उन्हाने तडकतो म्हणून मिस्त्रीने मागच्या उन्हाळ्यात पितळी बसवून दिला. आता ताट्या बदलायला कूलर उघडला, तर कॉकभोवती बांगडीएवढं लाल वर्तुळ! नख लावलं की पापुद्रे निघतात. बाकी टाकीवर नुसती पांढरी भुकटी.

शाळेतली धातूंची विद्युत-रासायनिक श्रेणी आठवते ती अशी: जस्त उणे ०.७६ व्होल्ट, लोखंड उणे ०.४४, तांबं (पितळात मुख्य तेच) अधिक ०.३४; जोडीत ज्याचा आकडा खाली, तो आधी झिजतो. म्हणजे पितळाशेजारी आधी पत्र्यावरचं जस्त झिजलं, मग लोखंड उघडं पडलं, इथवर समजलं. पण पाणी तर टाकीभर एकच आहे, मग गंज कॉकला चिकटूनच का?

लोखंडाऐवजी झिजायला म्हणून जस्ताचा तुकडा इथल्या इतवारी बाजारात लोहा ओळीला शोधेन. तो केवढा लागेल? की गिझरमधला मॅग्नेशियमचा रॉड बरा? शेजारचे काका म्हणतात, आतून डांबर फास आणि मोकळा हो. पाणी बोअरचं आहे.

प्रतिसाद १

पाण्यातून प्रवाह जायला अडथळा असतो. समुद्राच्या पाण्यात झीज दूरवर पसरते, गोड्या पाण्यात जोडाजवळच साचते, म्हणून वर्तुळ. तुमचं बोअरचं पाणी मधलं. त्यात कूलरमधून उडते ती निव्वळ वाफ, क्षार टाकीतच राहतात. वरून नुसती भर घालत राहिलात तर पाणी दिवसेंदिवस जास्त प्रवाहवाहक होतं. अधूनमधून टाकी पूर्ण रिकामी करा.

काकांचं डांबर जपून. फक्त पत्र्याला फासलं आणि त्याला कुठे बारीक चीर गेली, तर पितळाचा सगळा जोर त्या चिरेवर येतो आणि तिथे आरपार भोक पडतं. रंग द्यायचाच तर आधी पितळाला द्या.

जस्त फार लागत नाही. १० मिलिअँपिअर प्रवाह धरला तर चार महिन्यांत साधारण ३५ ग्रॅम झिजेल. पण तुकडा दोरीने लोंबकळत सोडून उपयोग शून्य. पत्रा घासून, बोल्टने, धातूला धातू टेकला पाहिजे. वर पांढरा थर धरला की खरवडायचा. मॅग्नेशियम उणे २.३७ व्होल्टचं, ते उगाच भराभर संपेल.

अवांतर: हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला असेच जस्त-लोखंडाचे तुकडे लावायला सुचवलं होतं. तांबं वाचलं, पण ते विरघळेना म्हणून तळाला शिंपले चिकटायला लागले.

प्रतिसाद २

जस्त कशाला? कॉक आणि पत्र्याचा संपर्कच तोडा. दोन्ही बाजूंनी रबरी वॉशर लावा, शिवाय भोकात प्लॅस्टिकची नळी बसवा, कारण आटे पत्र्याला टेकतात आणि नुसत्या वॉशरने काम होत नाही. टाकी कोरडी करून मल्टिमीटर लावा, बीप वाजला तर अजून टेकतंय. आणि या भानगडीत बॉडीची अर्थिंगची वायर काढू नका. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे सांगायला लागू नये.

धागाकर्ता

आभारी आहे. आधी वॉशर आणि नळी करून पाहतो. एक शंका: वर्तुळातला गंज घासून त्यावर जस्तयुक्त प्रायमर मारला तर पाण्याखाली टिकेल का? कोणी वापरलाय?