शब्दचर्चा : ‘पाच एकर वावर’ इंग्रजीत कसे लिहावे?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. नोकरीच्या अर्जासोबत स्वतःविषयी चार ओळी इंग्रजीत लिहायच्या होत्या, तेव्हा मी ‘माय फादर आर फार्मर अँड ही हॅव फाइव्ह एकर लँड’ असे लिहिले. अर्ज टाइप करणाऱ्याने या एका वाक्यात पाच दुरुस्त्या केल्या, पण कारण एकाचेही सांगितले नाही. सर, एकर आणि क्विंटल या शब्दांना ‘एस’ केव्हा लावावा, आणि मधला ‘ऑफ’ कशासाठी?

उत्तर : दुरुस्त वाक्य ‘माय फादर इज अ फार्मर अँड ही हॅज फाइव्ह एकर्स ऑफ लँड’ असे झाले असणार, आणि ते बरोबर आहे. पहिली चूक तुमच्या संस्कारातून आलेली आहे. ‘वडील शेतकरी आहेत’ यातील ‘आहेत’ हे आदरार्थी बहुवचन आहे. इंग्रजीत मात्र क्रियापद माणसांची संख्या पाहते, मान पाहत नाही, म्हणून वडील एक असतील तर ‘इज’ आणि ‘हॅज’ हीच रूपे येतात. गंमत अशी की, तुम्ही घरच्या बोलीतील ‘माहा बाप शेतकरी हाये’ या वाक्यावरून भाषांतर केले असते, तर क्रियापद आपोआप बरोबर आले असते. ‘फार्मर’च्या आधीचा ‘अ’ मराठीत नसल्यामुळे सुटतो. त्याविषयी याहून अधिक सांगण्यासारखे नाही.

एकराची गोष्ट अधिक रंजक आहे. एका एकरात 40 गुंठे असतात, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या वाक्यात ‘गुंठा’चे ‘गुंठे’ होते, पण ‘पाच एकर’ म्हणताना एकर जसाच्या तसा राहतो. ‘एक नांगर, दोन नांगर’ यात जसा नांगर बदलत नाही, तसेच आपण एकर आणि क्विंटल हे परके शब्द मराठीत आणल्यावर चालवले. इंग्रजीत परतताना त्यांना तिथल्या नियमाने ‘एस’ लागतो. मापानंतर वस्तूचे नाव आले की मध्ये ‘ऑफ’ येतो : ‘फाइव्ह एकर्स ऑफ लँड’, ‘टेन क्विंटल्स ऑफ कॉटन’. परंतु तेच माप विशेषणासारखे नामाच्या आधी बसले, तर ‘एस’ही जातो आणि ‘ऑफ’ही जातो : ‘अ फाइव्ह-एकर फार्म’. म्हणजे वचन आणि अव्यय येथे एकाच जोखडाला जुंपलेले आहेत. एक सुटले की दुसरेही सुटते. जाता जाता, इंग्रजीतील या शब्दाचा जुना अर्थ शेत असाच होता, आणि संस्कृतातील ‘अज्र’, म्हणजे शेत, हा त्याचा सगोत्र शब्द आहे.

आता तुम्ही न विचारलेली, पण पुढच्या ओळीत हमखास होणारी चूक. ‘बाबा वावरात काम करतात’ हे ‘इन द फील्ड’ असे लिहिता येते, कारण उभ्या पऱ्हाटीत शिरलेला माणूस शेताच्या आत असतो. ‘फार्म’ हा शब्द वापरला की मात्र ‘ऑन द फार्म’ म्हणावे लागते. क्रिकेटच्या मैदानासाठी ‘ऑन द फील्ड’ म्हणतात, आणि तेथे मराठीही ‘मैदानावर’ म्हणून साथ देते. ही साथ नेहमी मिळेल असे समजू नये. ‘आई विहिरीवर आहे’ याचे ‘मदर इज ऑन द वेल’ असे भाषांतर माझ्या एका विद्यार्थिनीने केले होते, तेव्हा मी फळ्यावर विहीर काढून तिच्या कठड्यावर चढलेली बाई काढली. वर्ग हसला, आणि ‘ॲट द वेल’ त्या दिवसापासून पक्के झाले. स्टँडवर, टपरीवर, विहिरीवर या शब्दांतील ‘वर’ पृष्ठभाग दाखवत नाही, ठिकाण दाखवतो, म्हणून तेथे ‘ॲट’ योग्य. एसटीत बसलेला माणूस ‘ऑन द बस’ असतो आणि ऑटोत बसलेला ‘इन द ऑटो’. ज्या वाहनात उभे राहून चालता येते त्याला ‘ऑन’, ही खूण बहुतेक वेळा उपयोगी पडते.

‘पासून’ हा शब्द तर सर्वांत फसवा आहे. ‘2019 पासून’ आणि ‘तीन वर्षांपासून’ या दोन्हींत आपल्याला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत आरंभाचा बिंदू असेल तर ‘सिन्स’ आणि लांबी असेल तर ‘फॉर’. ‘सिन्स थ्री इयर्स’ हे अर्जात दिसले की ते मराठी माणसाने लिहिले असावे, असे मला वाटल्यावाचून राहत नाही.

पुरवणी प्रश्न : आम्ही गोंदियाकडचे धान पिकवणारे लोक. आम्ही ‘तांदूळ निवडले’ असे अनेकवचनात म्हणतो. मग ‘राइस आर’ का चालत नाही?

उत्तर : मराठीला तांदळाचे दाणे दिसतात, इंग्रजीला रास दिसते. म्हणून ‘गहू दळले’, ‘तांदूळ संपले’ असे म्हणणाऱ्या आपल्याला ‘व्हीट इज’, ‘राइस इज’ असे लिहावे लागते. मात्र इंग्रजीनेही हे धोरण सर्वत्र पाळलेले नाही : आपला मसूर एकवचनी, तर त्यांचे ‘लेंटिल्स’ अनेकवचनी. वाटाण्याची कथा तर नमुनेदार आहे. त्याचे जुने इंग्रजी नाव ‘पीज’ हे राशीचे एकवचनच होते, परंतु शेवटचा ध्वनी अनेकवचनाचा प्रत्यय आहे असे समजून लोकांनी तो काढून टाकला, आणि 17व्या शतकाच्या सुमारास ‘पी’ हे नवे एकवचन तयार झाले. गुरांच्या बाबतीत मात्र तुम्हाला काही नवे शिकावे लागणार नाही. ‘गुरे चरत आहेत’ यातील अनेकवचन ‘कॅटल आर ग्रेझिंग’ यात तसेच उतरते, फक्त ‘कॅटल’ला ‘एस’ लावू नका.

तांदळाचा एकच दाणा सांगायचा असेल, तर ‘अ ग्रेन ऑफ राइस’ म्हणावे. तेथेही एकराच्या वाक्यातला तोच ‘ऑफ’ पुन्हा येतो.