नव्वदच्या दशकातील एनबीए आणि नियमांचा वाटा

'नव्वदच्या दशकातील खेळाडू कणखर होते, आजचे केवळ तीन गुणांच्या फेकीवर विसंबतात' हे एनबीए या अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल लीगबद्दल नेहमी ऐकू येणारे मत मला अर्धेच पटते. त्या दशकातील खेळ तसा दिसण्यामागे खेळाडूंच्या स्वभावाइतकाच नियमांचाही हात होता. २००१ पर्यंत झोन बचावाला (ठरावीक खेळाडूऐवजी मैदानाचा ठरावीक भाग राखण्याला) मनाई असल्यामुळे बास्केटजवळ चेंडू मिळालेल्या उंच खेळाडूशी बचावपटूला एकट्याने झुंजावे लागे, किंवा मदतीला उघडपणे दुसरा माणूस धाडावा लागे. पुढे २००४ मध्ये चेंडू घेऊन येणाऱ्याला हाताने रोखण्याविरुद्धचा नियम कडकपणे लागू झाला आणि चपळ गार्डना, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या तुलनेने कमी उंच खेळाडूंना, वाट मोकळी झाली.

१९९४ ची ह्यूस्टन रॉकेट्स विरुद्ध न्यूयॉर्क निक्स ही अंतिम मालिका आठवा. सातही सामन्यांत एकाही संघाने शंभरी गाठली नाही, आणि तरीही रॉकेट्सचा ओलाजुवान व निक्सचा यूइंग या उंच सेंटर खेळाडूंची ती झुंज मला आजच्या अनेक भरपूर गुणांच्या सामन्यांपेक्षा प्रिय आहे. मात्र त्याच काळात १९९८ च्या अंतिम मालिकेतील तिसऱ्या सामन्यात युटा जॅझ ५४ गुणांवर अडकला होता, हेही मान्य करायला हवे. प्रतिस्पर्धी शिकागो बुल्सचा बचाव अप्रतिम होता, पण सामना म्हणून तो एकतर्फीच झाला.

मला खरी उणीव भासते ती ओलाजुवानच्या पदन्यासाची, बास्केटकडे पाठ करून खांद्याच्या एका हुलकावणीने बचावपटूला चकवण्याच्या त्या कलेची. ती पूर्ण लोपलेली नाही, आजच्या पिढीतील सेंटर निकोला योकिचचा खेळ त्याची साक्ष देतो.