तोफ मोठी म्हणून लढाई जिंकता येते का?

खलाशी_रत्नांग्रीचा: "यामातोच्या ४६ सेंमी तोफांपुढे आयोवा दहा मिनिटंही टिकली नसती," असं काल इथे एकाने ठोकून दिलंय. वाचून डोकं फिरलं. यामातो दुसऱ्या महायुद्धातली जपानी युद्धनौका, आयोवा अमेरिकन; ४६ सेंमी म्हणजे तोफेच्या नळीचा व्यास. गोळा १४६० किलोचा, पल्ला ४२ किमी, मान्य. पण तेवढ्या लांब गोळा पोचायला दीड मिनिटाच्या वर लागतं आणि तोवर समोरची बोट किलोमीटरभर सरकते. फिलिपाइन्समधली सुरिगाव सामुद्रधुनी आठवा. २५ ऑक्टोबर १९४४, मिट्ट काळोख. अमेरिकन युद्धनौका वेस्ट व्हर्जिनियाने रडारवर नेम धरला आणि जवळपास २१ किमीवरून पहिल्याच फैरीत जपानी यामाशिरोला टिपलं. तोफा १६ इंचीच, म्हणजे साधारण ४१ सेंमीच्याच होत्या!

दारूगोळा: यामाशिरो आधीच टॉर्पेडो खाऊन अर्धमेली झाली होती, ते का नाही लिहिलंत? आणि ब्रिटिश युद्धनौका हूड? २४ मे १९४१ ला जर्मन बिस्मार्कचे ३८ सेंमीचे गोळे आले आणि हूडवरच्या १४१८ पैकी तिघे वाचले. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या दारात १५ इंची, म्हणजे ३८ सेंमीच्याच तोफांची जोडी आहे, एकेक नळी १०० टनांची. बाजूला ठेवलेला गोळा माझ्या खांद्याला लागतो. त्याच्याशेजारी उभे राहा, मग रडारच्या गप्पा मारा.

दिल्लीवाल्याचा_मुलगा: रिव्हर प्लेटची लढाई विसरलात दोघेही. १९३९ मध्ये जर्मन युद्धनौका ग्राफ श्पेकडे २८ सेंमी तोफा होत्या, तरी ब्रिटिशांच्या बाजूच्या एक्झेटर, एजॅक्स आणि अकिलीज या लहान तोफांच्या बोटींनी तिला पळवलं. तीच अकिलीज १९४८ मध्ये आपल्या नौदलाची 'दिल्ली' झाली. १९६१ ला दीवच्या किल्ल्यावर तोफा डागल्या तेव्हा माझे वडील तिच्या टरेटमध्ये, म्हणजे तोफांच्या फिरत्या चिलखती खोलीत होते. सहा इंची गोळा, ५१ किलोचा. कानात कापसाचे बोळे, बस्स. पुढे डावा कान गेलाच. आई जेवायला बोलवायची ती खांद्याला हात लावून. पेन्शनच्या कागदावर कानाचा उल्लेख यावा म्हणून तीन वर्षं खेटे घातले, नाही आला. आणि त्या बोटीचा टरेट आज कुठे आहे? न्यूझीलंडच्या ऑकलंडला! त्यांनी जपला, आपण बोट भंगारात काढली.

दारूगोळा: वडिलांबद्दल आदर आहे, पण विषय कुठे नेताय? श्पेच्या गोळ्यांनी एक्झेटरचे सगळे टरेट बंद पडले, ६१ माणसं गेली. हे सोयीस्कर गाळायचं?

दिल्लीवाल्याचा_मुलगा: सोयीस्कर? घरात बहिरा बाप बघितलाय मी, तोफेची किंमत मला सांगू नका. माँटेव्हिडिओसमोर स्वतःच्याच माणसांनी बुडवली ती श्पेच ना?

खलाशी_रत्नांग्रीचा: आवाज खाली घ्या दोघेही. एक्झेटरचं खरं आहे, लागला तर मोठा गोळाच चिरडतो. एवढं मी मागे घेतो, त्यापुढे एक शब्द नाही. फिलिपाइन्सजवळच्या समारच्या लढाईत यामातो टॉर्पेडो चुकवत दहाएक मिनिटं उलटी पळत होती आणि ७ एप्रिल १९४५ ला तिला विमानांनी बुडवलं. ४६ सेंमी तिथे काय कामाची?
दादा, वडिलांनी टरेटमधलं आणखी काही सांगितलं असेल तर लिहा.

दिल्लीवाल्याचा_मुलगा: फारसं बोलायचे नाहीत. दिवाळीत आम्ही सुतळी बॉम्ब लावला की उजवा कान दाबून आत जायचे. राहिलेला तेवढाच होता.