मदत हवी आहे: फुकट मिळालेलं शिडाचं होडकं गळतंय, पावसाआधी पाण्यात उतरवायचंय

गोराईवाला
मंडळी, एक जुनं शिडाचं होडकं फुकटात मिळालं आहे. तळातून पाणी येतं. बाहेरून एम-सील भरलं, वरून दोन हात पेंट मारला, तरी अर्ध्या तासात आत चार बोटं पाणी. बजेट सगळं मिळून तीस हजार. मेअखेरच्या आत शीड उभारून निघायचं आहे. कोणतं मटेरियल लावू तेवढं सांगा. लवकर सांगा, रविवारी सामान आणायला जातोय.

खाडीकाठ
फायबरचं की लाकडाचं? लांबी किती? बुडाला खालीवर होणारी फळी आहे की पक्की कील (बुडाखाली कायमची बसवलेली)? पाणी होडकं नुसतं उभं असतानाही येतं, की चालवतानाच? ठेवलंय कुठे, सावली आणि वीज आहे का? एवढं कळल्याशिवाय मटेरियल कसं सांगणार?

उरणचा_तांडेल
सांध्यात सुती वात ठोकून बसवा, वरून राळ आणि गोडेतेल एकत्र उकळून भरा. शेकडो वर्षं होड्या अशाच चालल्या आहेत. केमिकलच्या मागे लागू नका.

रेझिन_रोलर
तांडेल, ते फळ्यांच्या होडीला. फळी पाण्यात फुगते आणि वात आवळून धरते, म्हणून ते टिकतं. फायबर फुगत नाही. त्यात वात ठोकली तर भेग आणखी उघडेल.

गोराईवाला
फायबरचंच आहे, ते गृहीत धरलं होतं. लांबी तेरा फुटांहून थोडी जास्त. निळं शीड, त्यावर मोठा ई. मधल्या पेटीतून फळी खालीवर होते. उभं असतानाही पाणी येतं. गोराईला शेडखाली आहे, वीज आहे. आता मटेरियल सांगा.

खाडीकाठ
मग ते एन्टरप्राइज आहे. लांबी ४.०४ मीटर, दोघांचं होडकं, जॅक होल्टने १९५६ मध्ये काढलेलं डिझाइन. आपल्याकडे क्लबांमध्ये भरपूर आहेत, त्यामुळे सुटे भाग मिळतील.

मटेरियलच्या आधी गळती शोधा, कारण ती बाहेरून दिसते तिथे असेलच असं नाही. तळाखाली जुने टायर असे मांडा की बुडाला सगळीकडे आधार मिळेल. आत पाणी भरा, पण पेटीच्या बुडाचा सांधा बुडेल एवढंच. शंभर-दीडशे लिटर म्हणजे तेवढेच किलो, दोन टोकांवर तोललेला हल (होडक्याचं मूळ कवच) तडकेल. पाण्यात कपड्यांची नीळ टाका. बाहेरचं बूड पुसून कोरडं करून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा. निळा ओघळ जिथून सुरू होतो तिथे भोक.

तीन जागा आधी बघा: फळीची पेटी तळाला मिळते तो सांधा, फळी ज्यावर फिरते तो आडवा बोल्ट, आणि तळातल्या बेलरचं (आत आलेलं पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेचं) गॅस्केट. या प्रकारच्या होडक्यात बहुतेक गळती याच तिघांत सापडते.

रेझिन_रोलर
एम-सील का टिकलं नाही तेही समजून घ्या. वाऱ्यात फळी डावी-उजवी रेटली जाते आणि पेटी तरफेसारखी सांध्यावर जोर काढते. सांधा हलतो, एम-सील हलत नाही. शिवाय ते पेंटवर बसलंय, फायबरवर नाही. सगळं खरवडून काढावं लागेल.

आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर रेझिन (काचेच्या धाग्यांत मुरून कडक होणारा द्रव) घ्या, साधं जनरल पर्पज नको, ते पाण्यात कमी टिकतं. मॅट, म्हणजे काचेच्या सुट्या धाग्यांची चादर, ४५० ग्रॅमची (एका चौरस मीटरला). मॅटच्या वजनाच्या अडीचपट रेझिन लागतं, म्हणजे एक चौरस मीटर एका थराला सव्वा किलोच्या आत. हार्डनर आत्ताच्या उन्हाळ्यात १ टक्का, १०० ग्रॅम रेझिनला १ ग्रॅम. २ टक्के घातलंत तर रोलर फिरवेपर्यंत डब्यात दगड होईल.

आणि हे नीट वाचा: कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. दुकानातून कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागा म्हणजे प्रश्नच मिटला.

इपॉक्सीच_लावा
रोलरभाऊ, नव्या कामाला पॉलिएस्टर ठीक. जुन्या, पूर्ण सुकलेल्या फायबरवर चिकटवायचं तर इपॉक्सीची (दुसऱ्या प्रकारच्या रेझिनची) पकड कितीतरी जास्त. आणि इथे सगळा खेळ पकडीचा आहे, सांधा हलणारा आहे. इपॉक्सीसोबत मात्र मॅट वापरू नका. मॅटचे धागे धरून ठेवणारा गोंद पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिन या द्रावकात विरघळतो आणि इपॉक्सीत स्टायरिन नसतं, म्हणून ती कडकच राहते, कोपऱ्यात बसत नाही. विणलेली काचेची पट्टी घ्या.

रेझिन_रोलर
किंमत बघा की. तीस हजारांत दोरखंड, वायर, शीड सगळं बसवायचं आहे. नीट घासलं तर पॉलिएस्टर वर्षानुवर्षं धरतं.

इपॉक्सीच_लावा
सगळ्या होडक्याला नाही, फक्त पेटीच्या सांध्याला म्हणतोय. हिशेब करू. पेटी सव्वा मीटर धरली तर दोन्ही बाजू मिळून अडीच मीटर. ७५, १०० आणि १५० मिलिमीटर रुंदीचे तीन थर, म्हणजे पाऊण चौरस मीटरहून किंचित जास्त कापड. ३०० ग्रॅमचं कापड घेतलं तर काच पाव किलो, रेझिनही तेवढंच. कोपऱ्यात २० मिलिमीटर गोलाईची पुट्टी, तिला आणखी पाव किलो. वाया जाणारं धरून एक किलोचा सेट पुरतो. एवढ्यासाठी बजेट कोसळत नाही.

एकदा इपॉक्सी लावलंत की त्यावर पुन्हा पॉलिएस्टर लावू नका, धरत नाही. उलट क्रम चालतो.

झिगझॅग_शिलाई
शिडाबद्दल कोणी बोलतच नाहीये. शिवण नखाने ओढून बघा. दोरा तटकन तुटला तर उन्हाने गेलाय, पण कापड चांगलं असू शकतं. पॉलिएस्टरचा यूव्ही दोरा घेऊन झिगझॅग टीप मारून घ्या. मस्जिद बंदरकडे ताडपत्री शिवणाऱ्यांकडे जाड कापडाची मशिनं असतात. शीड मशिनमध्ये धुवायचं नाही, इस्त्री अजिबात नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, आणि वाळवणं सावलीत.

गोराईवाला
शीड ठीक आहे, तो प्रश्नच नव्हता. आणखी एक: बाजूच्या हवेच्या टाक्यांत थर्माकोल भरून वरून फायबर केलं तर बुडायची भीती राहणार नाही ना?

रेझिन_रोलर
नका करू! पॉलिएस्टरमधलं स्टायरिन थर्माकोल विरघळवतं. थर लावताच खालचा थर्माकोल वितळून पोकळी होईल. इपॉक्सीने तो विरघळत नाही, पण वर्षभरात पाणी पिऊन जड होतो.

खाडीकाठ
टाकी मोकळीच ठेवा, हवाबंद आहे का तेवढं तपासा. झाकणाला ट्यूब बसवून तोंडाने फुंका, सांध्यांवर साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले की जागा सापडली. सायकलचा पंप जोरात मारू नका, सांधे उकलतील.

होडकं तोलूनही घ्या. एन्टरप्राइजचा नुसता हल साधारण ९० ते ९५ किलो असतो. भंगारवाल्याच्या काट्यावर त्याहून फारच जास्त भरला तर पाणी टाकीत किंवा तळाच्या थरांत बसलंय. ते सुकल्याशिवाय वरून काहीही लावलं तरी फुगून उठेल.

आउटबोर्ड_फॅन
एवढा खटाटोप करण्यापेक्षा दोन हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (मागे टांगायचं इंजिन) लावा. वारा नसला तरी परत येता येतं.

खाडीकाठ
त्याच्या मागच्या भिंतीला आतून नीट आधार नसेल तर इंजिनाच्या धक्क्याने ती भिंतच तडकेल. होडकं शिडाचं आहे, आधी गळती.

सागरी_नियम
गोराईहून एलिफंटाला जायचा विचार असेल तर आधीच सांगते, जवाहर द्वीपाचं तेल टर्मिनल आणि तुर्भ्याच्या बाजूचा अणुसंशोधन केंद्राचा किनारा, दोन्हीकडे मनाई आहे. बंदरात मोठी जहाजं मार्गातून वळत नाहीत, तुम्हालाच बाजूला व्हावं लागतं. दोघांना लाइफ जॅकेट हवेतच. आणि उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीचा फरक पाच मीटरच्या आसपास जातो, तेव्हा खाडीतून परतताना प्रवाहाविरुद्ध वारा कमी पडेल. भरतीचं वेळापत्रक बघूनच निघा.

गोराईवाला
एलिफंटाचं नाव मी काढलेलंच नाही. खाडीतच फिरायचं आहे. पाण्याची टेस्ट केली. ओघळ पेटीच्या मागच्या टोकापासून सुरू होतो, सांध्याला वीतभर बारीक भेग आहे. आडव्या बोल्टभोवतीही थेंब येतात. बेलर कोरडा. वजन ११८ किलो. आता तरी सांगा रविवारी काय आणू.

इपॉक्सीच_लावा
११८ म्हणजे वीस-पंचवीस किलो जास्त. टाक्यांची झाकणं काढून पंखा लावा. टाकीत पारदर्शक प्लास्टिक चिकटवून रात्रभर ठेवा, सकाळी आतल्या बाजूला दव दिसलं तर अजून ओलं आहे.

मग क्रम असा. एम-सील आणि पेंट पूर्ण काढा. चार इंची ग्राइंडरला ४० नंबरची डिस्क लावून सांध्याच्या दोन्ही बाजूंना ७५ मिलिमीटर फायबर उघडं करा. धुळीला मास्क एन-९५ तरी हवा, पूर्ण बाह्या घाला, काचेची धूळ त्वचेत शिरते. भेगेच्या टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे ती पुढे पळणार नाही. पांढऱ्या सुती कापडाने अ‍ॅसिटोन फिरवा. इपॉक्सीत सिलिका पावडर घालून ती सुरीवरून ओघळणार नाही इतकी घट्ट करा, कोपऱ्यात भरा, गोल चमच्याच्या पाठीने ओढा. पुट्टी बोटाला चिकटत असतानाच, पूर्ण सुकण्याआधी, पट्ट्या लावा. त्यामुळे मध्ये घासावं लागत नाही.

एका वेळी १०० ग्रॅमच कालवा आणि पसरट ताटलीत ओता. डब्यात ठेवलंत तर स्वतःच्याच उष्णतेने धूर काढेल. काम सकाळी दव उडाल्यावर, सावलीत. ओल्या हवेत वर चिकट मेणासारखा थर येतो. तो अ‍ॅसिटोनने जात नाही, साध्या पाण्याने आणि हिरव्या घासणीने धुऊन टाका, नाहीतर पेंट सोलून येईल.

रेझिन_रोलर
हे पटलं, त्या सांध्याला इपॉक्सी करा. बाकी तळाला खरचटलेल्या जागा असतील तर तिथे पॉलिएस्टर पुरे, पण इपॉक्सीपासून लांब.

खाडीकाठ
दोरखंडही रविवारीच घ्या, नागदेवी भागात मिळेल. शीड चढवायचा दोर पॉलिएस्टरचाच, नायलॉन ताणतो आणि वाऱ्यात शीड सैल पडतं. डोलकाठीच्या तारांवरून जुनं फडकं फिरवा, एकही तार फडक्यात अडकली तर ती वायर बदला. ३१६ ग्रेड स्टीलची १x१९ (एकोणीस तारांची एकच पीळ), ३ मिलिमीटर. लिफ्टची वायर कोणी सुचवली तर घेऊ नका, ती खाऱ्या हवेत गंजते. डोलकाठीच्या बुडाला रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसली तर अ‍ॅल्युमिनियम खाल्लं गेलंय, फोटो टाका.

उरणचा_तांडेल
पावसात होडकं खाली डोकं, बूड वर करून ठेवा, आत पाणी साचणार नाही. आणि मे सरताना वारा नैऋत्येचा होतो, गोराईच्या तोंडाशी लाटा उठतात. घाईने उतरवू नका, दसऱ्यानंतर खाडी शांत असते.

गोराईवाला
दसऱ्यापर्यंत थांबायचं नाही, म्हणून तर विचारतोय. इपॉक्सी एक किलो, कापड, सिलिका, अ‍ॅसिटोन, दोर, वायर लिहून घेतलं. बोल्टचं राहिलं.

खाडीकाठ
बोल्ट काढा आणि पेटीतलं भोक बघा. गोल राहिलं असेल तर दोन्ही बाजूंना निओप्रीनचा वॉशर आणि बाहेर रुंद स्टीलचा वॉशर पुरेल. भोक लांबट झालं असेल तर इपॉक्सीची पुट्टी भरून पुन्हा ड्रिल करावं लागेल, आणि ते पट्ट्या लावण्याआधी. बोल्टचा व्यास व्हर्नियरने मोजून इथे टाका, वॉशर त्यावर ठरेल.